आमदारांचा पगार राज्याच्या तुटीला बांधला तर?

कोयनाकाठ (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, हा धागा रागात काढतोय, आधीच सांगतो. आज कंपनीत ‘व्हेरिएबल पे’चं पत्र हातात पडलं. आमच्या पगाराचा पाचवा हिस्सा कंपनीच्या नफ्याला बांधलेला असतो. यंदा तो शून्य. मी मशीन शॉपला आहे. माझ्या सेलचं रिजेक्शन वर्षभर ठरल्यापेक्षा कमी होतं, ओव्हरटाइमला कधी नाही म्हटलं नाही. बाहेरच्या ऑर्डरी पडल्या, त्यात माझा काय हात? पण पत्रात वाक्य झकास होतं, ‘सुखदुःखात आपण सारे भागीदार’.

पत्र खिशात घालून कराड स्टँडसमोर चहाला थांबलो, तर शेजारच्या बाकावर राज्याच्या कर्जाची चर्चा रंगलेली. घरी येऊन आकडे काढून बसलो. मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात २०२५-२६ ची महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी आणि महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी. म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं या रोजच्या खर्चालाच ४५ हजार ८९१ कोटी कमी पडतायत, हीच महसुली तूट. राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भरायचा एकूण खड्डा, १ लाख ३६ हजार कोटींच्या वर. कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाणार. आणि लगेच जुलैच्या अधिवेशनात ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटच्या वर आणखी खर्चाची मंजुरी. घरात असा हिशोब केला तर बायको किराणा दुकानात माझी वही बंद करून येईल.

आता आमदारांचा पगार बघा. मूळ वेतन प्रधान सचिवाच्या मूळ वेतनाएवढं, वर महागाई भत्ता. सचिवाचा भत्ता वाढला की यांचाही वाढतो, हात वर करायचीही गरज नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये ही मोठी वाढ झाली तेव्हा विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेशिवाय मंजूर झालं होतं. म्हणजे पगार कशालातरी बांधायला त्यांची हरकत नाही. फक्त कशाला बांधायचा, हे ते ठरवतात.

माझी सूचना साधी आहे. अर्धा पगार कायम. उरलेला अर्धा महसुली तुटीवर. मार्चमध्ये सभागृहाने जो अंदाज मंजूर केला तेवढी किंवा त्याहून कमी तूट आली तर पूर्ण पगार, जास्त आली तर त्या प्रमाणात कात्री. मला चालतं तर त्यांना का नाही?

भडंग | सोमवार, रात्री १०.०५

भावा, आमदार पगारावर जगतो हे तुला कुणी सांगितलं? आमच्याकडं एका वाढदिवसाच्या फ्लेक्सलाच दोन महिन्यांचा पगार जात असेल.

गंमत सोड, गणित कर. विधानसभेचे २८८, परिषदेचे ७८, एकूण ३६६. प्रत्येकी महिन्याला ३ लाख धरले तरी वर्षाचे १३२ कोटीच्या आसपास. ४५ हजार कोटींच्या तुटीत हे म्हणजे भेळेच्या पातेल्यात एक शेंगदाणा. सगळ्यांचे सगळे पगार बंद केले तरी तुटीला पत्ता लागणार नाही.

कोयनाकाठ | सोमवार, रात्री १०.१२

तूट भरायला नाही म्हणत मी. चटका बसावा म्हणून म्हणतोय. माझा पाचवा हिस्सा कापून कंपनी तरी कुठं फायद्यात आली?

अजिंक्यतारा | सोमवार, रात्री १०.३०

+१. आणि पेन्शनही घ्या त्यात. एकदा निवडून आला की जन्मभर.

ट्रेझरीतला म्हातारा | सोमवार, रात्री ११.२०

झोप येत नाही म्हणून लिहितो. छत्तीस वर्षं कोषागारात काढली, त्यातली बरीच साताऱ्यात.

पहिली गोष्ट कायद्याची. राज्यघटनेच्या कलम १९५ प्रमाणे विधिमंडळ सदस्यांचे पगार-भत्ते विधिमंडळच कायद्याने ठरवतं. अध्यक्ष-सभापतींचं वेतन संचित निधीवर, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीवर, भारित असतं, त्यावर मतदान होत नाही. आमदारांच्या वेतनाचा खर्च मात्र दरवर्षी सभागृहापुढे मताला येतो. तेव्हा कोयनाकाठ यांची कल्पना बेकायदा नाही. पण कात्री ज्यांच्यावर चालवायची, कात्री त्यांच्याच हातात आहे.

दुसरी गोष्ट. तुटीला लगाम घालणारा कायदा आपल्याकडे आहे. केंद्राचा २००३ चा आणि राज्याचा २००५ चा. राज्याचा झाला तेव्हा अर्थखातं आपल्याच इस्लामपूरच्या जयंत पाटलांकडे होतं. त्या कायद्यात तुटीची मर्यादा आहे, सभागृहापुढे विवरणपत्रं ठेवायची आहेत, सगळं आहे. ठरलं ते पाळलं नाही तर कुणाच्या खिशातून काय जाईल, एवढं सोडून.

तिसरी, आणि हे ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. राजकोषीय तूट राज्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवायची, हा दंडक. २०२५-२६ चा अंदाज २.८ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे त्या फुटपट्टीने मोजलं तर तुमचे आमदार पास आहेत, पूर्ण पगाराला पात्र. महसुली तुटीने मोजलं तर नापास. फुटपट्टी कोणती, हे आधी ठरवा. मग पगाराचं बघू.

वाईकर इन सरे | मंगळवार, सकाळी ७.१५

मी मूळचा वाईचा, आता बारा वर्षं कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात. इथं हा प्रयोग झालाय म्हणून लिहितो.

या प्रांताने २००१ मध्ये कायदा केला. मंत्र्यांच्या जादा पगारातले २० टक्के रोखून ठेवायचे. त्यातले निम्मे सगळ्या सरकारचं बजेट जमलं तर परत, निम्मे त्या त्या मंत्र्याने आपल्या खात्याचं उद्दिष्ट गाठलं तर परत. ऐकायला तुमच्या व्हेरिएबल पेसारखंच. नीट बघा, यात साधा आमदार नाही, विरोधी पक्ष नाही. फक्त मंत्री. मॅनिटोबा प्रांताने तर १९९५ लाच केलं होतं, तूट आली की मंत्र्यांचा पगार २० टक्के कमी, लागोपाठ दुसऱ्या वर्षी आली तर ४० टक्के.

पुढे काय झालं? २००८ ची मंदी आली. तूट अटळ दिसू लागल्यावर आमच्या प्रांताने २००९ मध्ये कायदाच दुरुस्त केला आणि काही वर्षं तुटीला परवानगी देऊन टाकली. मंदीत खर्च कमी करणं चूकच झालं असतं, ते मान्य. पण ज्या वर्षी कायद्याची खरी परीक्षा होती त्याच वर्षी पेपर बदलला.

कॅलिफोर्नियाचा किस्सा याहून भारी आहे. २०१० मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून ठरवलं की १५ जूनपर्यंत बजेट मंजूर झालं नाही तर उशिराच्या प्रत्येक दिवसाचा पगार बुडीत, मागाहूनही मिळणार नाही. २०११ मध्ये आमदारांनी बरोबर १५ जूनला एक बजेट मंजूर केलं. गव्हर्नरने ते फेटाळलं. राज्याचे हिशोब बघणारे कंट्रोलर म्हणाले, जमाखर्चाचा मेळ बसत नाही, हे बजेटच नव्हे. बाराएक दिवसांचे पगार रोखले. आमदार कोर्टात गेले. कोर्टाने निकाल दिला, मेळ बसतो की नाही हे ठरवायचा अधिकार कंट्रोलरचा नाही, विधिमंडळाचा.

ट्रेझरीतला म्हातारा | मंगळवार, सकाळी ७.५०

वाईकर, हे फार चांगलं सांगितलंत. परीक्षा देणाऱ्यानेच उत्तरपत्रिका तपासायची.

माणदेशी | मंगळवार, सकाळी ९.०२

इतक्या लांब कशाला जाता. हिमाचलमध्ये ऑगस्ट २०२४ ला मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं, तिजोरीची अवस्था बरी नाही, मी आणि मंत्री दोन महिने पगार-भत्ते घेणार नाही, पुढे घेऊ. पेपरात फोटो, वाहवा. मार्च २०२५ ला त्याच विधानसभेने आमदार-मंत्र्यांच्या पगारवाढीची विधेयकं मंजूर केली. सात महिन्यांत तिजोरीची तब्येत सुधारली म्हणायची.

आपल्याकडंही करोनात एप्रिल २०२० पासून वर्षभर ३० टक्के कपात झाली होती. खासदारांचीही तेवढीच. कुणाला आठवतंय त्यामुळं कुणाचं काही अडलं?

कोयनाकाठ | मंगळवार, दुपारी १.१०

जेवणाच्या सुट्टीत वाचलं सगळं. सिंगापूर मात्र कुणी काढलं नाही. तिथं २०१२ पासून मंत्र्यांच्या पगारात ‘राष्ट्रीय बोनस’ आहे आणि तो चार गोष्टींवर ठरतो. मधल्या माणसाचं खरं उत्पन्न किती वाढलं, तळाच्या पाचव्या भागातल्या लोकांचं किती वाढलं, बेरोजगारी किती, आणि अर्थव्यवस्थेची वाढ किती. चालतंच की तिथं.

भडंग | मंगळवार, दुपारी १.३०

तिथल्या मंत्र्याचा मूळ पगार आधी बघ. सर्वांत जास्त कमावणारे हजार नागरिक काढायचे, त्यांच्या मधल्या माणसाची कमाई घ्यायची आणि त्यातून ४० टक्के सूट. असा पगार दिलास तर मी पण राष्ट्रीय बोनसवर काम करतो. सकाळी सहाला हजर.

टेंभूच्या खाली | मंगळवार, दुपारी ३.४५

मी छोटा ठेकेदार. गटारं, काँक्रीट रस्ते, शाळेच्या खोल्या. तुमची चर्चा वाचून हसावं का रडावं कळेना. तुम्ही म्हणताय तूट कमी झाली की पगार द्या. तूट कमी कशी होते ते मी सांगतो.

माझं एक ८ लाखांचं काम. पूर्ण होऊन, मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊन, सह्या होऊन चौदा महिने झाले. जीएसटी मी भरून बसलोय. सिमेंटवाल्याचं बिल व्याजासकट भागवलंय, त्यासाठी बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत. ऑफिसला गेलं की एकच वाक्य, “बीम्सवर निधी आला नाही.” बीम्स म्हणजे सरकारची निधी वाटपाची संगणक प्रणाली. क्लार्क चांगला माणूस आहे, स्क्रीन माझ्याकडं वळवून दाखवतो. रकान्यात शून्य. मागच्या ३१ मार्चला रात्री अकरापर्यंत त्या ऑफिसच्या पायरीवर आम्ही सात-आठ जण बसून होतो. कुणीतरी वडापाव आणले. साडेअकराला निधी आला म्हणून आत पळालो. सगळ्यांच्या बिलांना मिळून १२ टक्के. माझ्या वाट्याला ९६ हजार. पाटल्या अजून तिथंच आहेत.

राज्यभरच्या ठेकेदार संघटनांनी २०२५ मध्ये थकीत बिलांचा आकडा ८९ हजार कोटी सांगितला. आमदाराच्या पगारासाठी तूट कमी दाखवायची झाली तर सर्वांत सोपा उपाय कोणता? आमची बिलं आणखी वर्षभर दाबायची.

ट्रेझरीतला म्हातारा | मंगळवार, सायंकाळी ६.३०

टेंभू साहेबांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. लोकांना वाटतं, काम झालं म्हणजे सरकारचा खर्च झाला. तसं नसतं. सरकारी हिशोब रोखीवर चालतो. बिल पास होऊन पैसे कोषागारातून गेले की खर्च. टेबलावर पडलेलं बिल हे सरकारच्या दृष्टीने घडलेलंच नाही. त्यामुळे ८ लाखांचं गटार गावात दिसतं, तुटीत दिसत नाही.

उलटही होतं. ३१ मार्चला निधी परत जाऊ नये म्हणून पैसे काढून वैयक्तिक ठेव खात्यात (अधिकाऱ्याच्या हुद्द्यावरचं सरकारी खातं) नेऊन ठेवायचे. कागदावर खर्च झाला, प्रत्यक्षात रुपया हललेला नाही. दोन्ही प्रकारांवर महालेखापरीक्षक वर्षानुवर्षं लिहितायत. मी नोकरीत होतो तेव्हा मार्चचे शेवटचे चार दिवस आम्ही डबा दोन वेळचा नेत असू. बिलांचे गठ्ठे खोलीत मावत नसत, जिन्यात ठेवायचे. वर्षभर झोपलेली खाती त्या चार दिवसांत जागी होत.

तेव्हा तूट हा आकडा खोटा नसतो. पण तो केव्हा मोजला आणि त्याआधी काय दाबलं, यावर बरंच असतं.

अजिंक्यतारा | मंगळवार, रात्री ८.१०

हे सगळं लाडक्या बहिणीमुळे. महिन्याला १५०० वाटत सुटले, तिजोरी रिकामी होणारच. आधी ती बंद करा, मग ठेकेदारांची बिलं निघतील.

हळदीची पेवं | मंगळवार, रात्री ८.४०

दादा, जरा थांबा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्या योजनेला ३६ हजार कोटी होते, मोठी रक्कम आहे, मान्य. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात आली आणि नोव्हेंबरात निवडणूक झाली, हेही कुणाच्या नजरेतून सुटलेलं नाही. पण आमच्या गल्लीत हळद निवडायला जाणाऱ्या बायका आहेत. त्यातली एक त्या पैशातून मुलाच्या एसटी पासचे आणि क्लासचे पैसे भरते. तिला ‘महसुली तूट’ म्हणून हाक मारू नका.

मला धागाकर्त्याच्या सूचनेत हीच भीती वाटते. आमदारांचा पगार तुटीला बांधलात तर ते सगळ्यात आधी काय कापतील? ज्याच्यामागे लॉबी नाही ते. अंगणवाडीचा आहार, शिष्यवृत्ती, रिक्त जागा. टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा सिंचन योजनांच्या वीजबिलातले ८१ टक्के सरकार भरतं आणि १९ टक्के शेतकऱ्याकडून घेतात, म्हणून जत-आटपाडीत पाणी दिसतं. तुटीवर पगार ठरायला लागला की ते ८१ पण कुणाच्या तरी डोळ्यावर येईल. द्राक्षवाले, डाळिंबवाले सगळे धागा काढतील मग.

अजिंक्यतारा | मंगळवार, रात्री ८.५५

ताई, पाण्याचा विषय वेगळा आणि फुकट वाटपाचा वेगळा.

हळदीची पेवं | मंगळवार, रात्री ९.००

ज्याला मिळतं त्याला ते फुकट वाटत नाही, एवढाच फरक आहे.

*(इथले अकरा प्रतिसाद उडवले आहेत. पक्षांची नावं घेऊन एकमेकांच्या घरापर्यंत जाऊ नका. विषय पगार आणि तूट. – संपादक मंडळ)*

नमुना नऊ | बुधवार, पहाटे ५.५५

नमस्कार. मी रोज वाचतो, लिहीत न्हाय. आज पाणी सोडून आलो, टाकी भरंस्तोवर वेळ हाय म्हणून लिहितो.

मी वाळवा तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत हाय. हुद्दा शिपाई, काम पाण्याचं, दिवाबत्तीचं आन वसुलीचं. तुमी लोक जे म्हणताय, पगार वसुलीला बांधा, त्ये आमच्यावर कधीच चालू झालंय. आमच्या किमान वेतनात शासनाचा हिस्सा असतो आन त्यो गावाच्या करवसुलीच्या टक्क्याला बांधलेला. वसुली कमी तर हिस्सा कमी. ‘वसुलीची अट रद्द करा’ म्हणून आमची संघटना किती वर्षं मोर्चे काढती. तुमी सातारला न्हायतर सांगलीला कलेक्टर कचेरीसमोर बघितलं आसंल आमाला, मांडवात बसल्यालं.

आता त्यानं काय होतं त्ये सांगतो. २०२१ च्या जुलैत पूर आला. आमचं अर्धं गाव आठवडाभर पाण्यात. नंतर जानेवारीत मी नमुना नऊचं, म्हंजे कराच्या मागणीचं, रजिस्टर घेऊन घरपट्टी मागाय निघालो. एक म्हातारी दारात बसलीवती. तिनं मला हाताला धरून आत नेलं. भिंतीवर चिखलाची रेघ, माझ्या छातीच्या वर. म्हणली, “बाबा, हे आत आलेलं पाणी, ह्याची बी पाणीपट्टी लावलीस का रं?” मी पावतीबुक पिशवीत घातलं. त्या वर्षी वसुली पडली, आमचा हिस्सा पडला. पूर काय मी आणला व्हता का. कोयनाकाठ साहेब, तुमच्या ऑर्डरी पडल्या तसंच.

दुसरं. टक्का वाढवायचा आसंल तर दोन वाटा. एक वसुली वाढवायची. दुसरी, मागणीच कमी दाखवायची. वसुली भागिले मागणी म्हंजे टक्का. वादातली जागा, परगावच्या माणसाचं बंद घर, ह्ये मागणीतनं काढलं की टक्का आपोआप वर. रुपाया जादा आला न्हाय, तरी कागद हसतोय. आन गावातल्या सगळ्यात मोठ्या बंगल्याची सहा वर्षांची थकबाकी हाय, त्या दारात ढोल वाजवायचं धाडस ना माझं, ना भाऊसायबांचं (ग्रामसेवकाचं). मग आमी जातो कुणाकडं? जो घाबरतो त्याच्याकडं. नळ तोडतो म्हणलं की त्यो देतो.

टाकी भरली. जातो.

भडंग | बुधवार, सकाळी ८.२०

मालक, दंडवत. दोन दिवस आम्ही कॅनडा-सिंगापूर फिरून आलो आणि प्रयोगशाळा इथं वाळव्यात होती.

ट्रेझरीतला म्हातारा | बुधवार, सकाळी ९.१५

नमुना नऊ यांनी जे मागणीचं सांगितलं तेच कोयनाकाठ यांच्या सूचनेतलं सगळ्यात मोठं भोक आहे. मंजूर अंदाजापेक्षा तूट वाढली तर कात्री, असं ते म्हणतात. अंदाज मंजूर कोण करतं? तेच. मग मार्चमध्येच तूट फुगवून दाखवायची, डिसेंबरात ‘आटोक्यात आणली’ म्हणायचं आणि पूर्ण पगार उचलायचा. मागणी कमी दाखवून टक्का वाढवण्यासारखंच, फक्त उलटीकडून.

आणखी एक. सत्ताधारी बाकावरचा साधा आमदार पक्षादेश मोडून बजेटविरुद्ध मत देऊ शकत नाही, पक्षांतरबंदी आहे. विरोधी बाकावरचा देतो, पण हरतो. जीएसटीचे दर २०१७ पासून परिषदेत ठरतात. केंद्रीय करांतल्या राज्यांच्या वाट्यापैकी २०२१ ते २०२६ या काळात आपल्याला ६.३१७ टक्के, तोही वित्त आयोगाने ठरवलेला. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, एसटीने फिरले, आयुष्याचा बराच काळ विरोधात बसले. तुमच्या नियमाने सगळ्यात मोठा चटका अशा माणसाला. ज्याचे दोन कारखाने आणि एक मेडिकल कॉलेज आहे, त्याला पगार आला की नाही हे पीएला विचारावं लागतं.

कोयनाकाठ | बुधवार, दुपारी १.०५

मान्य. माझी मूळ सूचना मागे घेतो. नमुना नऊ साहेबांचं वाचल्यावर तर लाजच वाटली. मला ज्याचा राग आला तेच मी दुसऱ्यावर लादायला निघालो होतो.

पण मग काहीच नको? सहकारात बघा. बँकेच्या संचालकाने तारण न बघता कर्ज वाटलं आणि बँक बुडाली तर सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली चौकशी लागते, नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर निश्चित होते, वसुलीसाठी त्याच्या मालमत्तेपर्यंत जाता येतं. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ८८ म्हणजे काय हे शेंबडं पोरगं सांगेल. राज्य चालवणाऱ्याला ८८ नाही?

माणदेशी | बुधवार, दुपारी २.२०

८८ ची चौकशी लागते तेव्हा बापाचं वय चाळीस असतं आणि संपते तेव्हा नातू संचालक झालेला असतो. तेवढं उदाहरण सोडून बोला.

टेंभूच्या खाली | बुधवार, सायंकाळी ५.३०

मी दोन दिवस विचार करतोय, माझी सूचना ऐका. पगार कापू नका. वाढवू पण नका. फक्त रांगेत लावा.

आज पैसे सोडताना पगार, पेन्शन, व्याज आधी. बरोबर आहे, शिक्षकाचा, नर्सचा पगार थांबू नये. पण मंत्र्यांचा पगार त्या रांगेत कशाला? तो आमच्या रांगेत लावा. राज्यातलं सगळ्यात जुनं मंजूर बिल जितके महिने थकलंय, मंत्र्यांचा पगार तितके महिने मागं. माझं चौदा महिने थकलंय, तर त्यांना आज चौदा महिन्यांपूर्वीचा पगार मिळेल. बिल निघालं की त्यांचाही निघेल. कापला काहीच नाही. व्याज द्यायचं तर दोघांना द्या, नाहीतर कुणालाच नको.

ट्रेझरीतला म्हातारा | बुधवार, रात्री ७.४५

हे मी तीन वेळा वाचलं. काढायला बसलो तर पळवाट आहेच. बिल थकलं असं दिसू नये म्हणून मोजमापच नोंदवायचं नाही, मंजुरीच द्यायची नाही. काम झालं तरी ‘तपासणी बाकी’. पण तुटीच्या आकड्यात जे लपतं ते यात लपवणं जरा अवघड जाईल, कारण गटार गावात दिसतं आणि ठेकेदार ओरडतो. तारीख मोजमाप पुस्तिकेची न धरता, ठेकेदाराने काम पूर्ण झाल्याचं लेखी कळवून पोच घेतली त्या दिवसाची धरायची.

आणि मंत्र्यांपुरतंच ठेवलंत हे बरं केलंत. निधी सोडायचा की नाही हे तेच ठरवतात.

हळदीची पेवं | बुधवार, रात्री ८.१०

रांगेत फक्त ठेकेदार का? शिष्यवृत्ती, ठिबकचं अनुदान, अंगणवाडीताईंचं मानधन, सगळं मंजूर झालेलं आणि न मिळालेलं त्याच रांगेत धरा. मग मला चालेल.

वाईकर इन सरे | बुधवार, रात्री १०.३०

असा कायदा जगात कुठं असल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. आपण करून दाखवला तर इथल्या लोकांना मी सांगेन, आमच्या सांगलीकडची कल्पना आहे.

भडंग | बुधवार, रात्री १०.३५

आणि साताऱ्याची?

वाईकर इन सरे | बुधवार, रात्री १०.३८

धागा साताऱ्याचा, कल्पना सांगलीची, पेढे दोन्हीकडे.

कोयनाकाठ | गुरुवार, सकाळी ६.५०

काल रात्री बसून दीड पानी निवेदन लिहिलं. टेंभू साहेबांची रांग, ताईंची अनुदानं, म्हाताऱ्यांची पोचेची तारीख, सगळं घातलंय. येत्या रविवारी आमदार साहेब आमच्या भागात एका सभामंडपाच्या भूमिपूजनाला येणार आहेत. तिथं हातात देतो. सभामंडपाचा ठेकेदार कोण आहे ते माहीत नाही, पण त्यालाही एक झेरॉक्स देईन म्हणतो.

नमुना नऊ | गुरुवार, सकाळी ७.१०

साहेब, हातात देऊ नका. हातातला कागद गाडीत पडतो. ऑफिसला द्या, आवक नंबर टाकून घ्या, शिक्का आन तारीख आपल्या प्रतीवर. आमच्या संघटनेच्या नऊ निवेदनांची पोच हाय माझ्याकडं, नीट फाइल करून ठेवल्याती. आन त्या निवेदनात एक ओळ आमची बी घाला, वसुलीची अट रद्द करा म्हणून. धाव्वं व्हईल.